पत्रकाखालचं नाव

आमच्या घरात छापलेल्या प्रत्येक कागदाच्या अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असायची. मुद्रक : मल्लय्या, हर्सूल रोड, औरंगाबाद. लग्नपत्रिका असो, खुलताबादच्या उरुसाचं पत्रक असो, संपाचं असो की हरवलेल्या म्हशीचं, ती ओळ असायचीच. मल्लय्या म्हणजे माझा आजोबा. तेलुगूत आजोबाला म्हणतात तसं आम्ही त्याला ताता म्हणायचो आणि अरे-तुरे करायचो. कागदावर मुद्रकाचं नाव हवं असा कायदाच आहे, पण गल्लीबोळातले छापखाने तो कुठं पाळत होते? अर्धी पत्रकं निनावीच निघायची. ताताकडं येणारी गिऱ्हाइकंही दबक्या आवाजात म्हणायची, "मल्लय्या, याच्यावर नाव नको टाकू, जरा भानगडीचं हाय." ताता खिळ्यांवरची नजर न काढता म्हणायचा, "भानगडीचं हाय तर मंग नाव पायजेच की." काही जण कुरकुरत थांबायचे, काही उठून दुसरीकडं जायचे. जाणाऱ्याला तो पाणी विचारायचा आणि जाऊ द्यायचा.

ताता इथला नव्हता. तिकडं तेलंगणात, गोदावरीच्या पलीकडच्या एका गावात, त्याच्या घरी मागावर पंचे आणि लुगडी विणली जायची. माग बंद पडले तेव्हा चुलत भावाच्या मागोमाग तोही निघाला. मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. आपण परमुलखात आलो हे कधी कळलं, असं आम्ही त्याला विचारायचो आणि तो दर वेळी तेच सांगायचा. गाडीत बसला तेव्हा डब्यात सगळे आपल्यासारखंच बोलत होते. नांदेडपर्यंत त्याची बोली कानावर पडत होती. परभणीला निम्मे लोक उतरले. जालन्याला तसं बोलणारा तो एकटाच उरला, आणि समोरच्या बाईनं त्याला काहीतरी विचारलं ते त्याला कळलंच नाही, म्हणून तो नुसता हसला. "ती भाकर देत होती," तो सांगायचा, "आन् मी हसतोय. तिला वाटलं, नको म्हनतंय पोरगं. उपाशीच उतरलो." हे सांगताना तो इतका खुश व्हायचा की आम्हाला ती गोष्ट विनोदाचीच वाटायची. पन्नास वर्षांनंतरही त्याची मराठी दोन-तीन घरची होती. थोडी तेलुगू, थोडी इथली, थोडी शहागंजच्या बाजारातली. नको म्हणायचं असलं की तो 'नक्को' म्हणायचा आणि माझ्यावर माया आली की 'बिड्डा'. बिड्डा म्हणजे लेकरू.

छापखाना घराच्या पुढच्याच खोलीत होता. त्याला नाव नव्हतं, पाटी नव्हती. भिंतीला लाकडी केसेस, म्हणजे खणांच्या उथळ पेट्या, टेकून ठेवलेल्या, त्यांच्या खणाखणांत शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं. मधोमध काळं पायमशीन. त्याच्या खटाक-सुंई, खटाक-सुंई आवाजावर मी झोपले, जेवले, पाढे पाठ केले. मशीन थांबलं की घरातले सगळे एकमेकांकडं बघायचे, काय झालं म्हणून. शाईचा आणि रूळ पुसायच्या घासलेटाचा वास आमच्या गाद्यांनाही यायचा. ताता मराठी वाचायला शिकला तो या खिळ्यांवरूनच. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. त्याला ते उलटं सहज वाचता यायचं, कागदावरचं सुलटं मात्र बोट ठेवून वाचावं लागायचं. त्यावरून अव्वा, म्हणजे आमची आजी, त्याला चिडवायची, "सगळ्या जगाला जे सरळ दिसतंय, ते ह्यांना वाकडं."

मी पत्रकांवर वाढले असं म्हणते तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. छापताना वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर माझा अभ्यास व्हायचा. गणिताच्या पानामागं धरणं-आंदोलन, शुद्धलेखनाच्या मागं जयंतीची मिरवणूक. पलीकडच्या वसाहतीतून जयंतीचं पत्रक घेऊन येणारी माणसं मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायची. मी केसच्या खाली बसून ऐकायचे, आणि छपाईचं मशीन असलेल्या घरात जन्माला आलो म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं. कमळ, घर, बदक यांच्याआधी मला 'जाहीर' आणि 'निषेध' लिहिता यायला लागलं. तिसरीत बाईंनी 'आम्ही' हा शब्द वापरून वाक्य करायला सांगितलं. बाकीच्या मुलांनी आम्ही शाळेत जातो, आम्ही आंबा खातो असं लिहिलं. मी लिहिलं, आम्ही हे खपवून घेणार नाही. बाईंनी वही घेऊन आईला बोलावलं. ताताही आला, त्यानं वाक्य बोट ठेवून वाचलं आणि बाईंना विचारलं, "वाक्य बरोबर हाय ना पण?"

दुपारचं जेवण ताता सगळ्यांच्या शेवटी करायचा. हात राखेनं घासून, रॉकेलनं पुसून, साबणानं धुऊनही नखांच्या कडांना शाईची बारीक रेघ राहायचीच. त्याच बोटांनी तो ज्वारीची भाकरी मोडायचा. आमच्याकडं अंबाडीची भाजी आठवड्यातून तीनदा व्हायची. अव्वा तिला पुंटीकूर म्हणायची, आई अंबाडी म्हणायची, आणि दोघी सासू-सुना तिच्यात लसूण किती घालायचा यावर वीस वर्षं भांडल्या. उन्हाळ्यात अव्वा चिंच भिजवून, कोळून, कच्चा कांदा आणि भाजलेली मिरची चुरून गार आंबट सार करायची. ते उकळायची गरजच नसायची. ते भातावर घेऊन ताता डोळे मिटायचा. तेवढ्या वेळापुरता तो आमच्यातून उठून कुठंतरी जायचा, आणि परत आला की "मीठ जास्त झालं," म्हणायचा.

कुणी घरात तक्रार घेऊन आलं की ताताचा एकच प्रश्न असायचा. भावानं माझी पट्टी मोडली. "त्याला विचारलंस?" दूधवाला पाणी घालतो. "त्याला विचारलं का?" वरच्या आळीतल्या मास्तरांनी दुसरं घर केलंय म्हणे. "मास्तरला विचारलं का कुणी?" अव्वा वैतागून म्हणायची, "उद्या घरात चोर शिरला तर हे आधी त्याला बसायला पाट देतील आन् विचारतील, बाबा, तू चोर हाईस का." ताता म्हणायचा, "विचारीन की. चोर नसला म्हंजे?"

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. अंगात नुसती आग होती. आमच्या भागात नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, पाऊण तास. ते कधी सहा दिवसांवर जायचं, कधी पाऊण तासाचा अर्धा व्हायचा. बायका रात्रपाळी करून आलेल्या नवऱ्यांना उठवून रांगेत उभं करायच्या. हंडे घासून, पिंपं रिकामी करून सगळी आळी त्या पाऊण तासाची वाट बघायची. पाणी सोडायचं काम शेषराव करायचा. ठेकेदाराकडं रोजंदारीवर, कमरेएवढी लांब लोखंडी चावी सायकलला बांधून तो या चौकातून त्या चौकात फिरायचा, रस्त्यातल्या खड्ड्यांवरची झाकणं उघडून कुणाचं पाणी चालू करायचा, कुणाचं बंद. चाळिशीचा, बारीक, पानानं दात लाल झालेला माणूस. लोक त्याच्या सायकलची घंटी ओळखायचे.

एका रविवारी दुपारी नाल्याजवळच्या लिंबाखाली मी त्याला झाकण उघडून चावी फिरवताना बघितलं. ती कुणाचीच वेळ नव्हती. आमच्या भागाचं पाणी त्या दिवशी सकाळी वीस मिनिटांतच गेलं होतं. आणि लिंबाच्या पलीकडं एक टँकर उभा होता. आमच्या शेजारी दिगंबरराव राहायचे, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, सगळ्या आळीची बित्तंबातमी ठेवणारे. मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीतून निम्मे उठले. "अगं, मी तरी काय म्हणतोय वर्षभर? टँकरवाल्यांना विकतोय तो. पुरावा तेवढा नव्हता. आता तूच पुरावा."

त्या संध्याकाळी मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'आमचं पाणी कुणी पळवलं?' असं शीर्षक होतं. आजही मला ते तोंडपाठ आहे आणि इथं मी ते मुद्दाम देत नाही. ते चांगलं लिहिलेलं होतं, एवढंच सांगते. वाक्यं चढत जात होती, शेवटी शेषरावचं नाव होतं, आणि खाली 'जागृत नागरिक'. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते ताताच्या हातात दिलं. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागला. त्याला बराच वेळ लागला.

"कुणी बघितलं?"

"मी."

"टँकरात पाणी भरताना बघितलंस?"

"त्याच्यासाठीच उभा होता ना तो."

"शेषरावला विचारलंस?"

मी "हो" म्हणाले.

"काय म्हनला?"

"काहीच नाही. मान खाली घालून निघून गेला."

पुढं मी बरंच लिहिलं, त्यातलं काही लोकांना आवडलंही. पण मान खाली घालून निघून गेला, हे मी रचलेलं पहिलं वाक्य. ते इतकं सहज आलं, इतकं खरं वाटलं की बोलताना मला त्याची खाली घातलेली मान दिसलीसुद्धा. ताताला खोटं सांगायचं असं मी ठरवलेलं नव्हतं. त्याचा प्रश्न वाटेत आडवा आला होता आणि मला पुढं जायची घाई होती. त्यात मला असंही वाटत होतं की चोराला काय विचारायचं, तो थोडाच हो म्हणणार आहे.

ताता म्हणाला, "हे जागृत नागरिक कोन?"

"आम्ही सगळे."

"सगळे म्हंजे कुनीच नाय, बिड्डा." त्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. "बरं. माझं तर हायेच खाली."

त्यानं स्वतः खिळे जुळवले. पाचशे प्रती निघाल्या. दोन दिवसांत त्या घराघरांत गेल्या. नळावर, किराणा दुकानात, केशकर्तनालयात लोक ते पत्रक मोठ्यानं वाचत होते, आणि एक जण वाचायचा थांबला की दुसरा पुढचं पाठ म्हणायचा. दिगंबररावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आठवड्याच्या आत ठेकेदारानं शेषरावला काढून टाकलं. लिंबाखालच्या झाकणाला कुलूप लागलं. मी जिंकले होते, आणि अव्वानं त्या दिवशी मला आवडतात म्हणून तव्यात थापलेली तांदळाच्या पिठाची जाड धपाटी केली होती.

कामावरून काढल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी शेषराव आला. सायकल नव्हती, चालत आला होता. मी केसपाशी उभी राहून खिळे खणांत परत टाकत होते. तो दारातच थांबला. हातात घडी घातलेलं पत्रक होतं. त्याला ताताशिवाय कुठं जायचं हे कळलंच नसतं, कारण त्या कागदावर खऱ्या माणसाचं नाव एकच होतं.

"मल्लय्यामामा," तो म्हणाला, "मी भांडाया नाय आलो. तुमी म्हातारं मानूस. खाली तुमचं नाव बघितलं म्हून आलो. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

ताता उठून उभा राहिला. "आमच्या पोरीनं विचारलं ना तुमाला."

"कोन्त्या पोरीनं?"

मशीन बंदच होतं, तरी मला वाटलं की ते आत्ता थांबलं. ताता माझ्याकडं वळला. त्यानं मला काही विचारलं नाही. माझ्या हातात शिशाचा एक खिळा होता आणि तो कुठल्या खणात टाकायचा ते मला आठवेना.

शेषरावनं बाहेरच्या पायरीवर बसून सगळं सांगितलं. नाल्याच्या पलीकडं वस्ती आहे, साठेक झोपड्या, त्यांचा एकच नळ, आणि उतारामुळं त्याला पाणी पोचतच नाही. सकाळी आमच्याकडचं लवकर बंद करून टाकीत पाणी राखलं आणि दुपारी त्या झाकणातून पंधरा-वीस मिनिटं सोडलं तरच पोचतं. नियमात बसत नव्हतं. त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. "तुमचंच पानी तोडून दिलं मी, ते खरं हाय," तो म्हणाला. "इकलं नाय पन. आन् त्यो टँकर पंक्चर होता, मामा. चाक काढून ठिवलं होतं बाजूला. दिसलं आसंल की." चाक मला दिसलं नव्हतं. मी बघितलं नव्हतं. आता झाकणाला कुलूप होतं आणि त्या साठ घरांचा नळ कोरडा होता. तो मी, गरिबांच्या बाजूनं लिहिणारीनं, बंद केला होता.

ताता मला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो आत जाऊन भिंतीशी बसला. अव्वानंच मला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता. ताता इथं आला तेव्हा आधी एका मागाच्या कारखान्यात लागला होता. रेशमाची एक लड हरवली. कुणीतरी म्हणालं, ते नवं तेलंगी पोरगं. त्याला चार शब्दही बोलता येत नव्हते. मालकानं, मुकादमानं, कुणीच त्याला काही विचारलं नाही, त्याचं पेटारं रस्त्यावर फेकलं. तीन दिवस तो एका दुकानाच्या फळीवर झोपला. मग एका छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकानं त्याला उठवलं आणि हातवारे करून विचारलं, तू घेतलंस का? ताता मान हलवून नाही म्हणाला. म्हाताऱ्यानं त्याला झाडू दिला. "तेवढा येक सवाल," अव्वा म्हणाली. "त्यावर ह्या मानसाचा सगळा जलम उभा हाय. आन् तू त्यालाच फशिवलं."

दुसऱ्या दिवशी ताता मला घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेला. तिथं कुणाला आमच्याशी बोलायचं नव्हतं. तक्रार आली, कारवाई झाली, एवढंच. परत आल्यावर तो म्हणाला, "लिही आता." मी लिहिलं. काही गैरसमजुतीतून, अपुऱ्या माहितीच्या आधारे, सद्हेतूनेच, अशी सगळी वाक्यं मी एकामागून एक मांडली. त्यानं बोट ठेवून वाचलं आणि कागद परत दिला. "किती आडोसे बांधलेस," म्हणाला. चार वेळा परत दिला. पाचव्या वेळी चारच ओळी उरल्या. मागच्या पत्रकात शेषराव यांच्यावर लिहिलेला आरोप खोटा आहे. मी त्यांना न विचारता लिहिला. ते पाणी विकत नव्हते, पलीकडच्या वस्तीला देत होते. त्यांना कामावर परत घ्यावं. त्याखाली लेखिका म्हणून माझं नाव, आणि तळाशी त्याचं. खिळे मला जुळवायला लावले. आपलं नाव उलट्या अक्षरांत जुळवताना मी प्रत्येक खिळा दोनदा तपासला.

पाचशेच प्रती काढल्या. ज्या घरी पहिलं पत्रक गेलं त्या प्रत्येक घरी दुसरं गेलं पाहिजे, असं ताताचं म्हणणं होतं, आणि कुणाच्या हाती पाठवायचं नाही. मे महिना होता. सत्तरी ओलांडलेला माणूस डोक्यावर ओला पंचा टाकून, गुडघ्यावर हात टेकून एकेक जिना चढायचा, आणि मी मागं. पहिलं पत्रक लोकांनी आमच्या हातून ओढून घेतलं होतं. हे कुणी घेईना. घेतलं तर न वाचता घडी करून चहाच्या डब्याखाली सरकवायचे. दिगंबरराव म्हणाले, "मल्लय्या, झालं गेलं. आता कशाला उकरतोस? पोरीचं लग्न करायचंय ना?" केशकर्तनालयातला एक जण ओरडला, "म्हातारबा, आता माफीनाम्याचा छापखाना टाकला का?" सगळे हसले. ताताही हसला आणि त्याला दोन प्रती दिल्या, एक त्याच्या घरी न्यायला. खोटं पत्रक लोकांना तोंडपाठ होतं. खऱ्याची एक ओळही कुणाच्या लक्षात राहिली नाही. आज हातातल्या फोनवर रोज हेच होताना मी बघते आणि लोक म्हणतात, काळ बदलला. माझ्या अनुभवात तो तेव्हाही असाच होता.

सगळ्यात शेवटी आम्ही वस्तीत गेलो. शेषराव घरी नव्हता, वाळूजकडं कुठंतरी माती वाहायच्या कामाला जात होता. त्याची बायको दाराशी चिंचा फोडत बसली होती. मी कागद पुढं केला. तिनं तो घेतला, उलटसुलट बघितला आणि परत माझ्याकडं दिला. "मला नाय येत. वाच तूच." आजूबाजूच्या बाया जमा झाल्या. मी वाचलं. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो? मला दोनदा मागं जाऊन पुन्हा वाचावं लागलं. शेवटी माझं नाव मी वाचलं नाही. ताता म्हणाला, "खालचं बी वाच." मी वाचलं. मग कडेला बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "मंग आता पानी येनार का?"

मी ताताकडं बघितलं. त्यानं डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

शेषरावच्या बायकोनं चिंचा बाजूला सारल्या आणि ताताला बसायला पोतं अंथरलं. तांब्यात तळाशी पाणी होतं ते दिलं. तो ते प्यायला. मला कुणी विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.

त्यानंतर घरात काही बदललं नाही, असं बाहेरच्याला वाटलं असतं. ताता मला बिड्डाच म्हणायचा, ताटात स्वतःच्या वाटची भाजी वाढायचा. पण त्यानं मला तो प्रश्न विचारणं सोडलं. मी कुणाचा मजकूर घेऊन गेले, की तो नुसता वाचायचा, चष्मा खिशात ठेवायचा, टोपी घालायचा आणि स्वतः विचारायला जायचा. एकदा कामगारांच्या संघटनेचं पत्रक होतं. मी म्हणाले, "ताता, मी सगळ्यांशी बोललेय, नावं लिहून आणलीत." तो म्हणाला, "हां, हां," आणि सायकल काढली. उन्हात चार कोस जाऊन आला, आणि आल्यावर म्हणाला, "बरोबर हाय तुझं." मी मागच्या अंगणात जाऊन रडले. माझं बरोबर असून उपयोग नव्हता. सहा वर्षं, तो जाईपर्यंत, असंच चाललं. मी पेपरात लिहायला लागले, लोक मला निर्भीड वगैरे म्हणायला लागले. घरात एक माणूस होता ज्याच्या पुढं माझा शब्द चालत नव्हता, आणि मला फक्त त्याच्याचकडं तो चालवायचा होता.

त्या सहा वर्षांत ताता दर महिन्याला पाण्याच्या ऑफिसात जायचा. शेषरावचा अर्ज त्यानं स्वतः छापला होता. साहेब बदलत गेले, ठेकेदारही बदलला, ताता बाकावर बसून राहायचा. शेवटी त्याची फुप्फुसं थकली आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा त्यानं तो अर्ज माझ्याकडं दिला. "तू जा," एवढंच म्हणाला. मी गेले. एका टेबलावरून दुसऱ्यावर, तीन तास. शेवटच्या साहेबानं अर्ज वाचलाही नाही. ती जागाच आता नाही, म्हणाला, झडपा आता दुसरीच माणसं बघतात, आणि तो माणूस पन्नाशीला आला असेल, कशाला हा घोळ. मी भांडले, नेहमीसारखी. काही झालं नाही.

परत आले तेव्हा दुपार कलली होती. वॉर्डाच्या दाराशी आईनं मला अडवलं. तिच्या हातात घडी केलेला टॉवेल होता, तो ती पुन्हा उलगडून घडी करत होती. डॉक्टर येऊन गेले होते. "पद्मा, ऐक," ती म्हणाली, "दोन वेळा विचारलंय तातांनी, आली का म्हणून. आत जा आणि सांग, शेषरावला घेतलं म्हणून. म्हातारा सुखानं जाऊ दे. तेवढं एक कर." अव्वा भिंतीशी बसली होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मी आत गेले. ताता उशीला टेकून होता, तोंडावर ऑक्सिजनची नळी होती. मला बघून त्यानं ती हातानं बाजूला केली. किती हलका झाला होता तो हात. माझ्या ओठांवर ते वाक्य तयार होतं, हे मी इथं लिहून ठेवते. घेतलं त्याला, ताता, उद्यापासून कामावर. वाक्य चांगलं होतं. मला ते कसं म्हणायचं हेही दिसत होतं.

"काय म्हनले?" त्यानं विचारलं.

"नाही म्हणाले," मी म्हणाले. "जागाच नाही म्हणाले. आता काही होणार नाही, ताता."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग "बरं," म्हणाला. डोळे मिटले. मी नळी परत लावली. थोड्या वेळानं बाबा कामावरून थेट तिथं आले. ते माझ्याबरोबर ऑफिसात आलेले नव्हते, पण ताताला ते माहीत नव्हतं. ते त्याच्या उशाशी वाकले. मी पलंगाच्या पायथ्याला उभी राहून वाट बघत होते, आता तो त्यांना विचारील, खरंच नाही म्हणाले का. तातानं डोळे उघडले. बाबांच्या सदऱ्याची सुटलेली गुंडी बोटानं दाखवली, लाव म्हणून खुणावलं, आणि पुन्हा मिटले. विचारलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याला माझा शब्द पुरला होता, की विचारायला श्वास उरला नव्हता, हे मला अजून माहीत नाही. आईला वाटतं, पुरला होता. अव्वाला मी कधी विचारलं नाही. ती मला खरं सांगेल, अशी भीती होती.